रुग्णालयाच्या दारात उतरणारं हेलिकॉप्टर: मागचा इतिहास

मराठवाड्याला हेलिकॉप्टर नवं नाही. मंत्र्यांचा दौरा ठरला की बांधकाम खात्याची माणसं मैदानावर येतात, रोलर फिरतो, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं जातं, चुन्याने वर्तुळ आणि त्यात 'एच' काढला जातो, कडेला अग्निशमनचा बंब उभा राहतो. दौरा संपला की चुना पुसला जातो. रुग्णासाठी अशी जागा कायमची राखण्याला मात्र आपल्याकडे तेवढं महत्त्व कधीच मिळालं नाही.

जखमींना हेलिकॉप्टरने नेण्याची सुरुवात युद्धात झाली. एप्रिल 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलातून अमेरिकी हेलिकॉप्टरने जखमी बाहेर काढले. नागरी सेवा आली ती रस्त्यांवरच्या मृत्यूंमुळे. 1970 साली पश्चिम जर्मनीत अपघातांत 19 हजारांवर माणसं गेली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला म्युनिकच्या हारलाखिंग रुग्णालयात 'क्रिस्टोफ 1' हे हेलिकॉप्टर तैनात झालं. डॉक्टर आणि हेलिकॉप्टर एकाच आवारात, हे त्यातलं खरं शहाणपण. भारतात ऋषिकेशच्या एम्समधून हेली-रुग्णवाहिका सुरू झाली ती ऑक्टोबर 2024 मध्ये.

आपल्याकडे गरज कळायला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पुरेशी होती. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावं मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. लातूरला तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही नव्हतं, ते 2002 साली झालं. जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर असं न्यावं लागलं. तीस वर्षांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एका अपघातात 12 जण दगावले. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, तिचे उपकार मोठे. पण गंभीर जखमीला शेवटी घाटीच, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालयच, गाठायची असते, आणि शहरातली गर्दी रुग्णवाहिकेलाही चुकत नाही.

नुसता हेलिपॅडचा ओटा बांधून भागत नाही, हे मराठवाड्यानेच पाहिलंय. 25 मे 2017 रोजी निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताच विजेच्या तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले, हे नशीब. हेलिकॉप्टर सहसा सरळ खालून वर जात नाही, त्याला तिरका मोकळा मार्ग लागतो. अमेरिकी नियमांत हा उतार दर 8 मीटरला 1 मीटर असा धरतात. म्हणजे उतरण्याच्या मार्गातला 10 मीटर उंचीचा खांब हेलिपॅडपासून किमान 80 मीटर दूर हवा. आता आपल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाभोवतीचे हायमास्ट, मोबाइल टॉवर आणि तारा नजरेसमोर आणा.

खालच्या माणसांचाही विचार हवा. मार्च 2022 मध्ये इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेरिफोर्ड रुग्णालयात उतरणाऱ्या जड हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने पार्किंगमधली एक वृद्धा पडली आणि दगावली. आपल्या रुग्णालयांच्या आवारात तर नातेवाईक सतरंज्या टाकून झोपलेले असतात, बाजूला चहाच्या टपऱ्यांचे पत्रे.

गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं मंजूर झाली. त्यांच्या आराखड्यांत हेलिपॅडची जागा आणि त्याचे दोन हवाई मार्ग आत्ताच आखले, शेजारच्या बांधकाम परवानग्यांना उंचीची अट घातली आणि महावितरणच्या तारा जमिनीखालून नेल्या, तर खर्च थोडका आहे. इमारती उभ्या राहिल्यावर हेच काम जमीन संपादन आणि कोर्टकज्ज्यांत अडकेल.