शालेय शिक्षणातील केल्टिक संगीत व नृत्य

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स इ. प्रदेशांत शाळकरी मुलांना तेथील पारंपरिक धुना, वाद्ये व समूहनृत्ये यांच्याद्वारे केल्टिक संस्कृतीची ओळख करून देण्याची पद्धत. येथे मुख्यत्वे आयर्लंडचा विचार केला आहे. ‘केल्टिक’ ही संज्ञा या प्रदेशांना प्रामुख्याने भाषाकुलावरून लावली जाते. या भाषांचे परस्परनाते एडवर्ड ल्हुइड या वेल्श अभ्यासकाने १७०७ मध्ये मांडले. प्राचीन केल्ट लोकांच्या संगीताशी आजच्या धुनांचा थेट धागा जोडता येत नाही. प्रचलित नृत्यधुनांपैकी बहुसंख्य अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतल्या मानल्या जातात.

शाळांत शिकवल्या जाणाऱ्या ‘केइली’ या समूहनृत्यांचा उगम वादग्रस्त आहे. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३ मध्ये गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली. तिच्या लंडन शाखेने ३० ऑक्टोबर १८९७ रोजी ब्लूम्सबरी हॉलमध्ये भरवलेला मेळावा ही पहिली सार्वजनिक केइली समजली जाते आणि तिची कल्पना लंडनमधील स्कॉटिश मंडळींच्या मेळाव्यांवरून सुचली होती. पुढे केरी परगण्यातील नृत्यशिक्षकांकडून नृत्ये मिळवून त्यांना ठरावीक रूप देण्यात आले. क्वाड्रिल या फ्रेंच नृत्यप्रकारातून आलेली ‘सेट’ नृत्ये मात्र, खेडोपाडी ती मनापासून नाचली जात असूनही, परकी म्हणून वगळली गेली. केइली नृत्ये अतिप्राचीन आहेत असे एक मत आहे. ती जुन्या सामग्रीतून लीगच्या काळात नव्याने घडली, हे दुसरे मत पुराव्यांशी अधिक जुळते. मुलांपुढेही हाच इतिहास ठेवणे इष्ट, कारण त्यात भाषा व कला टिकवू पाहणाऱ्या माणसांची धडपड दिसते.

गेलिक लीगपूर्वी नृत्यशिक्षण फिरत्या शिक्षकांच्या हाती होते. आर्थर यंग या इंग्रज लेखकाने १७७० च्या दशकातील आपल्या प्रवासवर्णनात गरिबांच्या झोपड्यांतून फिरणाऱ्या अशा शिक्षकांचा उल्लेख केला आहे. शिष्यांना डावे-उजवे कळावे म्हणून ते एका पायाला गवत व दुसऱ्याला पेंढा बांधत, असे परंपरा सांगते. एकल नृत्यात हात अंगालगत सरळ का ठेवतात, याविषयीच्या कथा मात्र बहुधा उत्तरकालीन असाव्यात.

वर्गात धून सहसा आधी कानावर पडते. शिक्षक ती निरर्थक अक्षरांत गुणगुणतात, मुले टाळ्यांनी लय धरतात आणि मगच पावले टाकतात. जिग या प्रकारातील तीन-तीनची विभागणी दादऱ्याच्या सहा मात्रांची आठवण करून देते. रील चारच्या लयीत चालते. ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ या रीलमध्ये दोन जोड्या समोरासमोर उभ्या राहतात, हात धरून पुढे-मागे होतात, आधी मुली व मग मुलगे बाजूला सात पावले सरकून जागा बदलतात आणि अखेरीस प्रत्येक जोडी पुढच्या नव्या जोडीसमोर येते. क्रम पुन्हा सुरू होत असल्याने एखादे मूल चुकले तरी पुढच्या फेरीत सावरते आणि वर्गातील अनेकांशी त्याची गाठ पडते. नवशिक्यांसाठी यापेक्षा सोयीची रचना क्वचितच सापडेल.

वाद्यांपैकी सहा छिद्रांची टिन व्हिसल ही धातूची छोटी बासरी स्वस्त असल्याने शाळांत सर्वाधिक रुळली आहे. तिच्यावर बोटे तीच ठेवून जोरात फुंकल्यास वरचे सप्तक मिळते. आयर्लंडच्या १९९९ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात संगीत हा स्वतंत्र विषय असून नृत्य शारीरिक शिक्षणात अंतर्भूत होते. शाळेबाहेर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कोल्तस केओल्तोरी एरन या पारंपरिक आयरिश संगीताच्या संस्थेच्या शाखा वर्ग चालवतात.

स्कॉटलंडमध्ये बॅरा बेटावर १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘फेश’ या उपक्रमातून मुलांना स्कॉटिश गेलिक भाषेतील गाणी व वाद्ये शिकवण्याची चळवळ इतरत्र पसरली. वेल्समध्ये १९२२ पासून कार्यरत असलेल्या उर्द या युवक संघटनेने १९२९ मध्ये आपल्या आयस्टेडव्होड स्पर्धा सुरू केल्या. तेथे वेल्श भाषेतील गायन व पठण यांना प्राधान्य आहे.