पांडवांच्या घराचं छप्पर

गोकाकचा धबधबा पाहून आणि करदंट ही तिथली मिठाई घेऊन आपण बेळगावकर परत फिरतो. जवळच्या कोन्नूरला मात्र फार थोडे जातात. तिथे दगडी थडगी आहेत. परवा मी पुतणीला घेऊन गेलो, तर मेंढरं चारणारे एक अज्जा सहज म्हणाले, "पांडवर मनी." पांडवांची घरं!

हे नाव मला आवडतं, पण ही घरं नव्हेत. उभ्या शिळांच्या भिंती आणि वर एक आडवी शिळा अशी ही महापाषाणयुगीन थडगी आहेत. दक्षिणेतली अशी थडगी साधारण इ.स.पू. १२०० ते २०० या काळातली, म्हणजे लोखंड वापरणाऱ्या माणसांची. विदर्भात जुनापाणीला याच संस्कृतीची शिळावर्तुळं आहेत. कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरेबेणकलला तर टेकडीवर शेकडो थडगी आहेत.

पुतणीने विचारलं, "काका, एवढा दगड वर नुसता ठेवलाय, मग मोडत कसा नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. दगड दाबाला घट्ट असतो, ताणाला मात्र कच्चा. त्याची ताण सोसायची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. दोन टोकांवर टेकलेली शिळा स्वतःच्या वजनाने किंचित वाकते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून चीर पडते ती खालून. आता गंमत बघा. टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं, तर हा ताण चौपट होतो. जाडी दुप्पट केली, तर तो निम्म्यावर येतो. वजन दुप्पट होऊनही निम्मा, कारण वाकताना न मोडण्याची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. समजा शिळा तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर जाड आहे. वजन जवळजवळ सहा टन भरेल. पण टेकू दोन मीटरवर असले, तर खालच्या बाजूचा ताण निकोप वालुकाश्म सहज सोसतो. अट एकच, दगडात आधीची चीर नको. इथला खडक थराथरांचा वालुकाश्म, त्यामुळे सपाट फळ्या निघायला सोपं. त्यातली निकोप फळी ओळखणं हे त्या कारागिरांचं खरं कसब. सूत्र त्यांच्याकडे नव्हतं, हाताला अनुभव होता.

परग्रहावरच्यांनी हे बांधलं असं सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यांची मला चीड येते, कारण त्यात या माणसांच्या मेहनतीचं श्रेय हिरावलं जातं. त्याहून घातक आहे गुप्तधनाची अंधश्रद्धा. अशा थडग्यांत मिळतात ती मातीची भांडी, लोखंडाच्या वस्तू, कधी हाडं. तरी लोक सोन्यासाठी उभ्या शिळेच्या बुडाशी खणतात. मग ती शिळा कलते, वरच्या शिळेचा एका बाजूचा आधार सुटतो, ताण नको तिथे एकवटतो आणि दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेलं छप्पर मधोमध मोडतं.