सैनिक-शेतकरी घराण्यांचा कुलवृत्तांत (पुणे परिसर)

पडीक रान वहितीखाली आणणारा किंवा गावठाण सोडून शेतात नवी वस्ती करणारा शेतकरी आणि युद्धावरून परतलेला पलटणीतला शिपाई, या दोन्ही भूमिका एकाच मूळपुरुषाने निभावलेल्या घराण्याच्या लेखी इतिहासाला ही संज्ञा लावता येते. छापील कुलवृत्तांताचा प्रघात विसाव्या शतकात मुख्यतः कोकणस्थ घराण्यांनी पाडला. गोत्र, कुलदैवत, मूळगाव आणि वंशावळ हा त्याचा ठरलेला साचा सैनिक-शेतकऱ्याच्या घराण्याला अपुरा पडतो. अशा माणसाचे अर्धे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात असते आणि अर्धे लष्कराच्या, व ही दोन दप्तरे एकमेकांची दखल घेत नाहीत.

शेतकरी आणि शिपाई हे नाते पुणे प्रांतात जुने आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा जाळला आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. ओस पडलेला मुलूख पुन्हा वसवण्यासाठी पुढे इस्ताव्याचा कौल दिला गेला, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो दरवर्षी चढवत नेण्याची सवलत मिळाली. अशा कौलावर जमीन घेणाऱ्यांची मुले-नातवंडे दसऱ्यानंतर मोहिमेवर जात आणि पेरणीला परतत. पेशवाईत पदरचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असा भेद होता. आपला पूर्वज ‘सरदार’ होता असे सांगणाऱ्या घराण्याने हा भेद पेशवे दफ्तरातील पागा-पथकांच्या कागदांत आधी तपासून पाहावा. पुणे पुराभिलेखागारातील हे दफ्तर मोडीतील असून रुमालांत बांधलेले आहे.

इंग्रजी अमलातील शोधाचा पाया मात्र जमिनीचा कागद हाच आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी १८३५-३६ मध्ये याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि ठरलेला आकार, म्हणजे जमिनीचा सारा, तीस वर्षे कायम राहील अशी हमी देण्यात आली. विसाव्या शतकात हक्कनोंदणी आल्यावर फेरफाराचे रजिस्टर, म्हणजे गाव नमुना ६, ठेवले जाऊ लागले. सातबारा जमीन आज कोणाकडे आहे एवढेच सांगतो, तर ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफार सांगतो. वारसनोंद, वाटणी, खरेदीखत, सावकाराचा बोजा आणि विहिरीसाठी काढलेली तगाई (सरकारी कर्ज) या सर्वांच्या तारखा तेथे असतात. जुन्या नोंदीत ‘बिन’ म्हणजे अमुकाचा मुलगा आणि ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे अमुकाची बायको, एवढे कळले तरी दोन पिढ्या उलगडतात.

लष्करी बाजूचा सर्वांत दाट काळ १९१४ ते १९१८ हा आहे. सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेली ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली आणि हजारो हिंदी शिपाई तुर्कांच्या कैदेत पडले. बसरा येथील स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या शिपायांची केवळ संख्या दिली गेली. म्हणूनच मेसोपोटेमियात मेलेल्या पणजोबाचे नाव दगडावर शोधणाऱ्याची बहुधा निराशा होते. घरात पदक असेल तर त्याची कड पाहावी, कारण त्यावर शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे पदक चांदीऐवजी ब्राँझचे निघाले, तर पूर्वज लढाऊ शिपाई नसून बहुधा हमाल किंवा कामगार दलात होता असे समजावे. घरच्या कथेत तो हमखास ‘सुभेदार’ झालेला असतो. १९२२ मध्ये या पलटणींची फेररचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली.

महार घराण्यांच्या बाबतीत ही साखळी मध्येच तोडली गेली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा येथील लढाईच्या जयस्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी बावीस नावे आहेत. तेथून चालत आलेली लष्करी परंपरा १८९० च्या दशकात भरती बंद झाल्यामुळे खंडित झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केले. १९१७ मध्ये उभी केलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडण्यात आली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. या घराण्यांची जमीनही वेगळ्या वाटेने येते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने, म्हणजे गावकीच्या चाकरीबद्दलच्या वंशपरंपरागत जमिनी, रद्द झाली, जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली आणि तिची विक्री सरकारी परवानगीवर अवलंबून राहिली. माजी सैनिकांना सरकारने दिलेल्या जमिनीही याच धारणेत, भोगवटादार वर्ग २ म्हणून दाखल झालेल्या दिसतात.

लष्करी तारखा आणि फेरफाराच्या तारखा शेजारी ठेवल्या की घराण्याची खरी गोष्ट दिसू लागते. शिपाई परदेशी असताना जमीन घरच्या वडील भावाच्या नावाने लागे आणि नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी खूण असे. ही तीन अक्षरे पुढच्या उताऱ्यात गळली, की परतलेल्या भावाच्या मुलांना वाटणीसाठी दाव्याला उभे राहावे लागे. शिपाई मेला असल्यास मुलांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून त्यांच्या आईचे नाव येते. जिने चार-सहा वर्षे नांगर, बैल आणि सावकार सांभाळले, तिचा घराण्याच्या लेखी इतिहासातील उल्लेख पुष्कळदा एवढाच असतो.

पडीक रान वहितीखाली आणणाऱ्या आद्य शेतकऱ्याची दुसरी पिढी कालव्याने घडवली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुरंदर, बारामती व इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस आला. सासवडचे माळी या पाण्यामागे खाली सरकले. त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे घातली आणि १९३२ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना काढला. निवृत्त सैनिकाचे पेन्शन आणि तगाई मिळून विहीर पडली, की तेथे घर बांधले जाई आणि त्या जागेला ‘हवालदार वस्ती’सारखे नाव पडे. अशी स्थलनामे हाही पुरावा आहे, मात्र ती वस्ती हवालदाराने केली की त्याच्या बायकोने, हे नाव सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांत एक मोठा खड्डा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार गटवारी झाली, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि धागा तुटला. तो जोडण्यासाठी एकत्रीकरण योजनेचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा लागतो. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळे मालक झाली, त्यामुळे पलटणीतल्या माणसाची कुळाकडे असलेली जमीनही काही ठिकाणी गेली.

कागद संपतात तेथे त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात, कारण युद्धावरून सुखरूप परतल्यावर यात्रा करण्याची रीत होती आणि वहीत यात्रेकरूच्या सोबतच्यांचीही नावे उतरवली जात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची कोतवाल बुके, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, बाहेर काढली गेली. त्यातील जुनी पाने मोडीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्यांची मागणी वाढली, आणि जातीचा दाखला शोधायला आलेल्या काही कुटुंबांना त्याच पानांवर पलटणीतल्या पूर्वजाच्या घरातील जन्म-मृत्यूच्या तारखा सापडू शकतात.