लघुमूर्तींच्या वस्त्रांवरील बारीक रंगकाम

प्लास्टिक, रेझिन किंवा धातूच्या छोट्या मूर्तींच्या कपड्यांवर पट्टे, चौकडे, बुट्टे, काठ, शिवणी आणि बटणे ॲक्रिलिक रंगांनी उठवण्याचे तंत्र. ऐतिहासिक सैनिकांच्या मूर्ती, युद्धखेळांतील सोंगट्या आणि छोट्या देखाव्यांतील माणसे रंगवताना ते वापरतात. ॲक्रिलिक रंग पाण्यात मिसळतो, पातळ थर काही मिनिटांत वाळतो आणि एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. त्यामुळे खालचा थर न हलवता त्यावर नक्षी काढता येते आणि चुकलेली रेघ मूळ रंगाने झाकता येते. मात्र तो कुंचल्याच्या टोकावरही तितक्याच लवकर वाळतो, आणि बारीक कामातल्या निम्म्या अडचणी तिथूनच येतात.

प्रमाण. ५४ मिमी उंचीची मूर्ती साधारण १/३२ प्रमाणात असते. तिच्यावर २० मिमीचे बटण सुमारे ०.६ मिमी होते आणि १ सेंमी रुंदीचा पट्टा ०.३ मिमी. २८ मिमीच्या मूर्तीवर हे आकार जवळजवळ निम्मे होतात. म्हणून खऱ्या कापडावरची नक्षी जशीच्या तशी लहान करायची नसते. तीस पट्ट्यांच्या जागी आठ-दहा पुरतात, पण त्यांच्यातले अंतर सारखे हवे. डोळा पट्टे मोजत नाही, पण अंतर चुकले की ते लगेच खटकते.

साहित्य. नवशिके सर्वांत बारीक कुंचला विकत घेतात आणि तिथेच फसतात. पाच शून्यांच्या कुंचल्याच्या पोटात रंग मावत नाही. मूर्तीपर्यंत हात जाईपर्यंत टोक सुकते. ० किंवा १ क्रमांकाचा, सुईसारखे टोक धरणारा कोलिन्स्की (सायबेरियन वीझल या प्राण्याच्या) केसांचा कुंचला बहुतेक सगळे काम करतो. केसांच्या अर्ध्याहून वर रंग जाऊ देऊ नये. केस धरणाऱ्या धातूच्या नळीत रंग वाळला की केस फाकतात आणि टोक कायमचे दुभंगते. रंग ओल्या पॅलेटवर ठेवावा: झाकणाचा उथळ डबा, त्यात भिजवलेला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद. यावर रंग तासन्‌तास ओला राहतो.

पातळपणाचे प्रमाण रंगाच्या बनावटीनुसार बदलते. सुरुवातीला पायाच्या थरासाठी दोन भाग रंगाला एक भाग पाणी, रेघांसाठी निम्मे-निम्मे आणि पारदर्शक छटेसाठी, म्हणजे ग्लेझसाठी, एका भाग रंगाला पाच ते आठ भाग पाणी व माध्यम (रंग नसलेला ॲक्रिलिक द्रव) घ्यावे. नुसतेच पाणी वाढवले तर रंगातला बांधक (रंगकण धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ होतो, थर नीट चिकटत नाही आणि वाळताना कडेला डागाचे वलय उमटते. रंग योग्य आहे का, हे अंगठ्याच्या नखावर पाहावे: रेघ पसरली तर रंग फार पातळ किंवा कुंचला फार भरलेला, मध्येच तुटली तर रंग घट्ट. दर वेळी कुंचला भरल्यावर त्याचे पोट टिश्यूवर हलकेच टेकवून जादा रंग काढावा.

कामाचा क्रम. प्राइमरनंतर (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या अस्तरानंतर) पायाचा मध्यम रंग, मग चुण्यांची सावली व उजेड, त्यानंतर नक्षी. ५४ मिमी व त्याहून मोठ्या मूर्तींवर नक्षीच्या रंगाचीही छटा बदलावी लागते: चुणीच्या माथ्यावर उजळ, खोबणीत गडद. एकाच रंगाचा पट्टा सगळीकडून गेला तर तो कापडात विणलेला न वाटता वर चिकटवलेला वाटतो. लहान मूर्तींवर आधी सपाट नक्षी काढून खोबणींत सगळ्यावरून गडद ग्लेझ फिरवणे सोपे पडते. मात्र माथ्यावरचा उजेड नंतर पुन्हा लावावा लागतो.

चौकडे काढताना आधी उभ्या रेघा ओढाव्यात. मधली रेघ पहिली, मग दोन्ही बाजूंना. रेघ चुणीत शिरते तिथे तिलाही वळण द्यावे. खोल खोबणीत ती मध्येच नाहीशी होऊन पलीकडे थोडी सरकलेली निघाली तरी खरीच दिसते. आडव्या रेघा घेराच्या कलाने जातात. हिरव्यावर निळा चौकडा असेल, तर पट्टे पातळ निळ्याने भरावेत आणि छेदाच्या चौकोनांत तोच निळा दुसऱ्यांदा द्यावा. विणीचा भास या गडद छेदांनीच होतो. पिवळी वा पांढरी तलम रेघ सर्वांत शेवटी येते. रेघ जाड झाली तर पायाच्या रंगाने दोन्ही बाजूंनी कापत आणावी. थेट बारीक ओढण्यापेक्षा हा मार्ग जास्त भरवशाचा आहे. मूर्ती दांड्यावर बसवून दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली की हात स्थिर राहतो.

कापडाचा पोत. लोकरीवर उजेड-सावलीतला फरक कमी ठेवून टोकाने सूक्ष्म ठिपके देतात. रेशमावर उजेड अरुंद, जवळजवळ पांढरा, आणि त्याला लागूनच खोल सावली. मखमल उलटी वागते: समोरचा भाग गडद राहतो आणि चुणीच्या वळत्या कडा उजळतात. चामड्याच्या कडांवर तुटक ओरखडे पुरतात.

नेहमीचे दोष. प्रत्येक रंग पांढऱ्याने उजळला की कापड खडूसारखे दिसते. तांबडा तर गुलाबीच होतो. तो नारिंगीने किंवा त्वचेच्या रंगाने उजळावा, आणि काळा निळसर राखाडीने. पिवळा रंग झाकत नाही, म्हणून त्याखाली आधी पिवळट तपकिरी थर द्यावा. काठ आणि कापड यांच्या सीमेवर गडद तपकिरी रेघ नसेल, तर दोन्ही रंग हातभरावरून एकमेकांत मिसळलेले दिसतात.

शेवटी मॅट (बिनचकाकीच्या) व्हार्निशचे पातळ थर द्यावेत. दमट हवेत फवारलेले व्हार्निश पांढुरके पडू शकते. रेशीम आणि चामड्यावर त्यानंतर सॅटिन (मंद चकाकीचे) व्हार्निश कुंचल्याने वेगळे लावतात.