सिलिएटांचे जनुकक्रमाधारित वर्गीकरण

पक्ष्माभिका (केसासारखे हलते धागे) व दोन प्रकारची केंद्रके (मोठे बृहत्केंद्रक व लहान लघुकेंद्रक) असलेल्या एकपेशीय सिलिएट जीवांची परस्पर नाती जनुकांतील न्यूक्लिओटाइडांच्या (डीएनएच्या घटकांच्या) क्रमावरून ठरविण्याची पद्धती. वाळलेले गवत उकळून गाळलेल्या पाण्यात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठचे थोडे पाणी घालून ठेवले, की काही दिवसांत वरच्या पातळ सायीखाली चपलेच्या आकाराचे पॅरामिशियम फिरताना दिसते. सांडपाण्याच्या गाळात देठावर उभे राहून जीवाणू खाणाऱ्या व्हॉर्टिसेलाच्या प्रमाणावरून शुद्धीकरण नीट चालले आहे की नाही ते कळते. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (स्थापना १९५८) ज्या नागपुरात आहे, तेथे म्हणूनच या जीवांच्या अचूक ओळखीला व्यवहारातही मोल आहे.

पूर्वी वर्गीकरण मुखाची रचना व चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या पक्ष्माभिकांच्या रांगा यांवर होत असे. १९८०च्या दशकापासून रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने घडविणाऱ्या कणाच्या) लहान घटकाचे १८एस आरएनए जनुक वाचले जाऊ लागले. त्याची लांबी साधारण १,७०० ते १,८०० न्यूक्लिओटाइड असते. बृहत्केंद्रकात त्याच्या हजारो प्रती असतात (टेट्राहायमेनात सुमारे ९,०००), त्यामुळे एकच पेशीही पुरते.

खरा वाद कॅरिओरेलिक्ट गटाचा आहे. लोक्सोडीससारख्या या जीवांचे बृहत्केंद्रक विभागत नाही. ते लघुकेंद्रकापासून पुन्हा नव्याने घडते. त्यामुळे हा गट आद्य सिलिएटांचा अवशेष मानला गेला व नावही त्यावरूनच पडले. जनुकक्रमाने मात्र तो स्टेंटर या कर्ण्याच्या आकाराच्या सिलिएटाच्या गटाशेजारी बसविला. हे दोन गट एका उपसंघात व उर्वरित बहुतेक सिलिएट दुसऱ्यात, अशी मांडणी सिलिएटांचे अभ्यासक डेनिस लिन यांनी १९९६ मध्ये केली. मग बृहत्केंद्रकाच्या विभाजनाची क्षमता दोनदा आली, की एकदा येऊन कॅरिओरेलिक्टांत लोपली? स्टेंटरच्या गटात विभाजनास लागणाऱ्या सूक्ष्मनलिका बृहत्केंद्रकाबाहेर असतात, तर दुसऱ्या उपसंघात त्या आत असतात. यंत्रणाच निराळी असल्याने पहिले मत अधिक संभवनीय वाटते. दुसरे अद्याप बाद झालेले नाही. सिलिएटांचा उगम १०० कोटी वर्षांच्या आसपासचा असावा, असे काही अनुमानांत येते. जीवाश्मांचा आधार तुटपुंजा असल्याने हा आकडा जपून घ्यावा.

जातीच्या पातळीवर १८एस अपुरे पडते. पॅरामिशियम ऑरेलियाच्या, जनुकशास्त्रज्ञ सॉनबॉर्न यांनी १९७५ मध्ये वेगळ्या केलेल्या १४ जाती दिसायला सारख्याच, त्यांचे १८एस क्रमही जवळजवळ एक. तेथे तंतुकणिकांतील (पेशीत प्राणवायू वापरून ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रियांतील) सीओआय जनुक कामी येते. गुरांच्या कोटीपोटातील, प्राणवायूविना जगणाऱ्या सिलिएटांत असे जनुक नसल्याने त्यांना मात्र हा मार्ग बंद आहे.

डीएनए काढताना पेशी फुटते. म्हणून पेशी बारीक नळीने उचलून स्वच्छ पाण्यात धुण्याआधीच जिवंतपणी तिचे छायाचित्र घ्यावे व त्याच संवर्धातील इतर पेशी रंगवून जपाव्यात. असा नमुना मागे नसेल, तर क्रमाला चिकटलेले चुकीचे नाव पुढे कोणालाच तपासता येत नाही.