संयत जपानी भयपट

जपानमध्ये 1990 नंतरच्या दशकात रुजलेली भयपटांची शैली. ‘जे-हॉरर’ या जगभर रूढ झालेल्या नावाखाली रक्तपाताचे चित्रपटही मोडतात. ही नोंद त्यांतल्या शांत, मितभाषी चित्रपटांविषयी आहे. इथे भूत सहसा अंगावर धावून येत नाही. खोलीच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी पाठीमागे, दृश्याच्या अंधाऱ्या भागात ते आधीपासूनच उभे असते. आपल्याला ते उशिरा दिसते, एवढेच.

या भुताचे रूप एदो काळातल्या (1603–1868) ‘काइदान’ म्हणजे भूतकथांनी ठरवून ठेवले आहे. मृताला नेसवतात ती पांढरी वस्त्रे, मोकळे सुटलेले लांब काळे केस. अठराव्या शतकातले चित्रकार ओक्यो मारुयामा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रांत तर भुताचे पायही विरून गेलेले असतात. चौथे नानबोकू त्सुरुया यांच्या 1825 मधल्या काबुकी या पारंपरिक शैलीतल्या नाटकातली ओइवा या भुतांपैकी सर्वांत प्रसिद्ध : नवऱ्याने दगा दिलेली, विषाने चेहरा विद्रूप झालेली बायको. तिची भीती वाटते, पण त्याआधी तिची कणव येते.

ही कणव पडद्यावर सर्वांत सुंदर उतरली ती केंजी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’त (1953). युद्धाच्या धामधुमीत घर सोडून गेलेला कुंभार परततो. घर रिकामे, अंधारे. बायकोला हाका मारत तो घराला वळसा घालतो, कॅमेराही त्याच्यासोबत वळतो. आणि तो पुन्हा आत येतो तेव्हा त्याच घरात, विस्तवापाशी, बायको त्याची वाट पाहत बसलेली असते. ती केव्हाच मेली आहे, हे त्याला सकाळी कळते.

नव्या शैलीची सुरुवात मात्र थेट व्हिडिओवर आलेल्या लघुकथांतून झाली. दिग्दर्शक नोरिओ त्सुरुता आणि लेखक चिआकी कोनाका यांनी 1991 मध्ये ‘खरोखर घडलेल्या’ भीतिकथांची मालिका केली. भूत बोलता कामा नये, भुताच्या नजरेतून दृश्य दाखवू नये, असे कोनाकांचे काही दंडक पुढच्या दिग्दर्शकांना फार उपयोगी पडले.

हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’ने (1998) ही शैली जगभर नेली. त्यातल्या सादाको या भुताची अनैसर्गिक चाल अगदी साध्या युक्तीची आहे : अभिनेत्रीला उलटे चालवून ते चित्रण उलट फिरवले. कियोशी कुरोसावा (प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशी त्यांचे नाते नाही) यांनी त्याहून कठोर वाट धरली. ‘क्युअर’मध्ये (1997) एक पोलीस चौकीबाहेर आपल्याच सहकाऱ्याला गोळी घालतो, आणि कॅमेरा दूर, जागचा न हलता ते पाहत राहतो. ‘काइरो’त (2001) भूत झालेली एक बाई हळूहळू चालत येते, मध्येच तिचा तोल जातो, ती सावरते आणि पुन्हा चालू लागते. या शैलीत याहून भयंकर पावले कुणाची पडलेली नाहीत.

तरी या परंपरेचा गाभा नाकातांच्याच ‘होनोगुराई मिझू नो सोको कारा’ (2002) या चित्रपटात आहे. घटस्फोट होत असताना मुलीच्या ताब्यासाठी झगडणारी आई जुन्या इमारतीत राहायला येते. छताला ओल धरते, ती रोज थोडी पसरते. फेकून दिलेले लाल दप्तर परत येते. भीती दाखवायला चित्रपटाला एवढेच सामान पुरते, कारण शाळेपाशी आईची वाट पाहत ताटकळणारे मूल आपण आधीच पाहिलेले असते. वरच्या मजल्यावरची मेलेली मुलगीही तशीच, कुणी न्यायला न आलेली. आई शेवटी तिच्यापाशी थांबते, स्वतःच्या मुलीला वाचवण्यासाठी. दहा वर्षांनी ती वाचलेली मुलगी त्या घरात येते. घर नीटनेटके असते, आई तिथेच असते. मी इथे राहू का, असे मुलगी विचारते आणि आई तिची क्षमा मागते.