घर बदलताय? सामान मागाहून मोजा, आधी वाट मोजा

फोनवर बहुतेक जण एकच विचारतात, "तीन खोल्यांचं सामान आहे, शहापुरातून टिळकवाडीला न्यायचंय, किती घेणार?" आम्ही लगेच आकडा सांगत नाही, म्हणून काहींना वाटतं की भाव वाढवायला हे आढेवेढे घेताहेत. तसं नाही. शहापूर, होसूर, वडगाव आणि बेळगावच्या जुन्या गल्ल्या, इथल्या घरांतून सामान काढायचं म्हटलं की खर्च सामानावर थोडा आणि वाटेवर जास्त ठरतो. तेच कपाट भाग्यनगरातल्या तळमजल्यावरून काढायला दहा मिनिटं लागतात आणि गल्लीतल्या माडीवरून काढायला अर्धा दिवस जातो. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न सामानाचा नसतो. दार केवढं, जिना कसा, बोळ किती रुंद, हे आम्ही आधी विचारतो.

हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे. सामान काढायच्या दिवशी ज्या एका गोष्टीपायी सगळ्यांत जास्त वेळ जातो, ती घरच्यांना आदल्या आठवड्यात टेप घेऊन पंधरा मिनिटांत कळू शकते.

"आत आलं म्हणजे बाहेर जाणारच"

हे वाक्य आम्ही फार ऐकतो आणि जुन्या घरात ते बऱ्याचदा खोटं ठरतं. कपाट आत आलं तेव्हाचं घर आणि आजचं घर एक नसतं. मधल्या काळात सोप्याला, म्हणजे पुढच्या ओसरीला, भिंत घालून दोन भावांच्या वाटण्या झालेल्या असतात. परसदारी शौचालय बांधलेलं असतं, त्यामुळे मागची वाट बंद होते. लाकडी जिना काढून त्या जागी सिमेंटचा अरुंद, वळणाचा जिना आलेला असतो. चौकटीला आतून लोखंडी जाळीचं दार बसवलेलं असतं. काही कपाटं तर सुतारानं खोलीतच बसून केलेली असतात. ती कधी दारातून आलेलीच नसतात.

शहापुरातल्या एका घरी आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट होतं. माजघरातून ते सोप्यात आणलं आणि तिथंच अडलं, कारण बाहेरच्या बोळाची अर्धी रुंदी नव्या न्हाणीघरानं खाल्लेली. घरची मंडळी म्हणाली, करवतीनं मागची फळी कापा. आम्ही नको म्हटलं. त्या काळच्या चांगल्या कपाटाला खिळे नसतात. वरची नक्षीची पट्टी नुसती बसवलेली असते, ती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली की सुटते. बाजूच्या फळ्या खाचांत अडकवून वरून लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. कोणती खुंटी आधी काढायची ते कळलं, तर अख्खं कपाट फळ्याफळ्यांनी मोकळं होतं आणि नव्या घरी पुन्हा तसंच उभं राहतं. पण ते काम जुन्या लाकडाची माहिती असलेल्या सुताराचं आहे, आणि असा सुतार आयत्या वेळी मिळत नाही. आधी कळलं तर आम्ही त्याला बरोबरच आणतो. त्याची मजुरी वेगळी धरतो आणि ती आधी सांगतो.

लोखंडी कपाटाचं गणित

लोखंडी कपाट सुटं होत नाही, म्हणून त्याचं गणित नीट समजून घ्या. घरोघरी असतं त्या मोठ्या कपाटाची उंची 78 इंच, रुंदी 36 इंच आणि खोली 19 इंच असते. बोळ तीन फुटांचा आणि पुढं काटकोनात वळून पुन्हा तीन फुटांचाच असेल, तर हे कपाट आडवं धरून त्या वळणातून निघत नाही. दोन्हीकडे साडेतीन फूट असतील तर जेमतेम निघतं, तेही भिंतीला नळाची पाइप किंवा मीटरची पेटी नसेल तर. तीन फुटांच्या वळणावर ते उभं करून फिरवावं लागतं. आणि उभं करायचं तर वर जागा हवी.

नेमकी इथंच फसगत होते. छत साडेसहा फूट आणि वर दोन बोटं असेल तर कपाट उभं राहील असं कोणालाही वाटतं. पण आडवं कपाट उभं करताना ते कोपऱ्यावर तोललं जातं, आणि त्या क्षणी त्याला 80 इंचांहून थोडी जास्त उंची लागते. म्हणजे किमान पावणेसात फूट मोकळे हवेत, आणि ते तुळईच्या खालून मोजलेले. जुन्या माड्यांवर दोन तुळयांमध्ये उंची दिसते ती एक आणि तुळईखाली असते ती दुसरी.

आता माप कसं घ्यायचं ते सांगतो. दाराची रुंदी चौकटीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्या, आणि दार उघडं ठेवून घ्या. बिजागरीवर फिरलेलं फळीचं दार स्वतः जागा अडवतं, कडीकोयंडाही बोटभर पुढं येतो. उंची उंबरठ्याच्या माथ्यापासून घ्या, जमिनीपासून नको. दुपाखी दाराची एक फळी वर्षानुवर्षं बंदच असेल तर ती आदल्या दिवशी उघडून बघा. जिन्याचं माप घेताना रुंदीपेक्षा वळणावरची जागा महत्त्वाची, आणि माडीवर जिना जिथं निघतो तिथल्या फळीच्या झडपेची लांबी-रुंदी त्याहून महत्त्वाची. ही मापं कागदावर लिहून फोटो पाठवा. चालत जात दार ते रस्ता असा एक व्हिडिओ पाठवलात तर फारच सोपं. निम्म्या घरांना त्यावरच पक्का आकडा सांगता येतो. उरलेल्या घरी आम्ही स्वतः येऊन बघतो. त्याचे पैसे घेत नाही.

नव्या घराची वाटही याच पद्धतीनं मोजा. अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये मोठं कपाट मावेल असं धरून चालू नका, आणि सामान चढवायची वेळ सोसायटीला आधी विचारून ठेवा.

माडीवर सामान गोळा करू नका

हौसेनं मदत करणारी मंडळी आदल्या रात्री सगळी खोकी, भांडी, पुस्तकं माडीच्या मधोमध रचून ठेवतात. आम्हाला सोपं जावं हाच हेतू असतो. पण कडीपाटाच्या माडीला मधोमध एवढं वजन सोसत नाही. मातीच्या भिंतीत बसलेली तुळईची टोकं पावसानं किती कुजली आहेत ते वरून दिसत नाही. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात या भागातली किती जुनी घरं बसली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वजन भिंतीलगत, पसरून ठेवा. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठ्या खोक्यात भरलेली पुस्तकं दोघांनाही उचलत नाहीत. जातं, उखळ, रगडा, तांब्याचा हंडा यांना हात लावू नका, ते आमची माणसं आणतील.

जिन्यानं नाहीच निघालं तर सज्जातून दोरानं खाली सोडतो. त्यासाठी खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. गल्लीवरून अजून विजेच्या तारा जात असतील तर हेस्कॉमशी बोलून लाइन बंद करून घेतल्याशिवाय आम्ही दोर लावत नाही. घाई असली तरी नाही. कठड्याची जाळी कापायची असेल तर घरमालकाची परवानगी तुम्ही काढायची.

गाडी दारात का येत नाही

छोटा हत्ती जवळपास पाच फूट रुंद. गल्ली सात-आठ फुटांची आणि दोन्हीकडे दुचाक्या. एकीकडच्या हलवल्या तरच गाडी आत जाते, आणि गेली तर तीच गल्ली तासभर बंद. शेजाऱ्यांचा दवाखाना, शाळेची रिक्षा, दूधवाला सगळे अडकतात, आणि बोलणी तुम्हाला खावी लागतात, त्याच गल्लीत तुमचे आईवडील अजून राहत असतात. म्हणून आम्ही गाडी मोठ्या रस्त्यावर लावून तिथंपर्यंत हातगाडीनं सामान आणतो. हातगाडी आणि जादा दोन हमाल धरल्यानं आमचा आकडा दुसऱ्यांपेक्षा थोडा जास्त दिसतो. फोनवर स्वस्त सांगणारे गाडीपासून दारापर्यंतचं अंतर धरत नाहीत आणि निम्मं सामान रस्त्यावर आलं की वाढीव मागतात. आमच्याकडे बघून सांगितलेला आकडा शेवटपर्यंत तोच राहतो. न सांगितलेलं सामान निघालं तरच बदलतो.

सकाळी सहाला काम सुरू करायचं आमचं ठरलेलं आहे. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, भेंडी बाजार इथं दुकानं उघडली की हातगाडी हलत नाही. शनिवारी बाजाराचा दिवस, त्या दिवशी बाजारपेठेतलं काम घेत नाही. गणपतीत गल्लीगल्लीत मंडप असतात. विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे निघाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्या बाजूनं शहापूरला जाणं विसरायचं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्रीही तसंच. घराचा करार त्याच सुमारास संपत असेल तर मालकाशी बोलून चार दिवस पुढंमागं करून घ्या.

पत्ता सांगताना गल्लीबरोबर भागही सांगा. खडे बाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही. बसवाण गल्लीचंही तेच. सकाळी सहाला गाडी भलत्या गल्लीत जाऊन उभी राहिली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. जवळचं देऊळ, खूट (चौक) किंवा दुकान सांगितलंत तर आणखी बरं.

थोडं इतर

देव, दागिने, रोख, घराचे उतारे, मुलांचे दाखले तुमच्याजवळच ठेवा. बऱ्याच घरी देव आणि भरलेला कलश आधी नव्या घरी नेतात, दूध उतू घालवतात, मग सामान येतं. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर मुहूर्त आम्हाला कळवा, पहिली खेप त्याप्रमाणं काढतो. देव्हारा आम्ही नेतो, पण मोकळा करून द्या.

गॅसचा सिलिंडर आम्ही गाडीत घेत नाही. फ्रिज आदल्या रात्री बंद करून पुसून ठेवा. आम्ही तो उभाच नेतो. वाटेत आडवा करावाच लागला तर नव्या घरी काही तास उभा ठेवूनच चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसरला त्रास होतो. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, गाद्या आणि कपड्यांसाठी ताडपत्री आमची असते, तिचे वेगळे पैसे नाहीत.

कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडे जाणारे विचारतात की हद्द ओलांडताना कागद लागतात का. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. खोक्यातली कोरी वस्तू असेल तर तिची पावती बरोबर ठेवा. आम्ही सामानाची यादी करून तुमची सही घेतो. ती चालकाजवळ राहते, एक प्रत तुम्हाला.

वडगाव, खासबागकडचे यंत्रमाग हलवायचे असतील तर ते काम आम्ही घेतो, पण त्याला पाया उकरण्यापासून तयारी लागते, म्हणून वेगळं बोलू.

मे महिन्यात शाळांना सुट्टी आणि गृहप्रवेशाचे मुहूर्त एकदम येतात. त्या महिन्यासाठी तीन आठवडे आधी कळवा, इतर वेळी आठवडा पुरे. नंबर मागच्या बाजूला आहे. मापं आणि व्हिडिओ त्याच नंबरावर व्हॉट्सॲप करा, संध्याकाळी सातनंतर आम्ही ते बघतो आणि त्याच रात्री आकडा कळवतो.